शब्बाथ घरी कसा पाळायचा: मुंबई-ठाण्याच्या फ्लॅटमधल्या बेने इस्राएल घरासाठी

हे मुख्य करून आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, मुलामुलींसाठी लिहितेय, म्हणजे जी नोकरीसाठी घर सोडून एकटी राहतात किंवा नवीन लग्न झालंय आणि घरात सांगायला कोणी मोठं माणूस नाही, आणि मनातून वाटतं की शब्बाथ, म्हणजे आपला आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळावा पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. बाकीच्या मराठी वाचकांनीही वाचा, तुमच्या बिल्डिंगमध्ये किंवा ऑफिसात आमच्यातलं कोणी असेल तर शुक्रवारी संध्याकाळनंतर ते फोन का उचलत नाहीत ते तरी कळेल.

सगळ्यात आधी एक सांगते. खूप जण म्हणतात हिब्रू वाचता येत नाही, नियम माहीत नाहीत, आधी नीट शिकतो मग पाळतो. असं करू नका. आपल्या परंपरेप्रमाणे नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं आणि सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आपण वंशज, आणि त्या लोकांकडे पुढची शेकडो वर्षं ना तोरा (आपला धर्मग्रंथ) होती ना प्रार्थनेचं पुस्तक ना कोणी रब्बी, म्हणजे धर्मगुरू. हातात राहिलं होतं ते एवढंच, की शनिवारी काम करायचं नाही, मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची, पर आणि खवले असलेलाच मासा खायचा, आणि शेमा इस्राएल (ऐक, हे इस्राएल) ही प्रार्थनेची एक ओळ, जी सुंता असो लग्न असो मयत असो, प्रत्येक वेळी तीच म्हणायची कारण दुसरी कुठली येतच नव्हती. एवढ्यावर ते ज्यू राहिले. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. गावाला आपल्या देवाबद्दल काही ठाऊक नव्हतं पण आपला शनिवार पक्का ठाऊक होता. प्रार्थना, पुस्तकं, सिनेगॉग हे सगळं मागून आलं, मुंबईतलं पहिलं सिनेगॉग शार हारहामीम तर 1796 सालचं. म्हणजे आपल्यात करणं आधी आलं आणि समजणं नंतर. तुमच्या घरातही त्याच क्रमाने होऊ दे, काही बिघडत नाही.

वेळ कशी बघायची

शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळताना सुरू होतो आणि शनिवारी रात्र पडून आकाशात तीन तारे दिसले की संपतो, म्हणजे साधारण पंचवीस तास. दिवा सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी लावायचा असतो. मुंबईत नोव्हेंबरच्या शेवटाला सूर्यास्त सहाच्या आसपास असतो आणि जुलैच्या सुरुवातीला सात वीसच्या आसपास, तर हिवाळ्यात दिव्याची वेळ पाच चाळीसच्या जवळ येते आणि पावसाळ्यात सातच्या. पुण्याला सूर्य मुंबईपेक्षा काही मिनिटं आधी मावळतो, त्यामुळे मुंबईच्या नातेवाइकाने पाठवलेली वेळ पुण्यात जशीच्या तशी धरू नका.

खरी अडचण हिवाळ्यातच येते, कारण पाच चाळीसला माणूस ऑफिसात तरी असतो नाहीतर ट्रेनमध्ये. घरी जो आधी पोचतो त्याने दिवा लावायचा, बाई असेल तर बाईने, नसेल तर पुरुषाने, एकटा राहणारा मुलगा असेल तर त्यानेच लावायचा, त्यात संकोच नको. आणि हे नीट लक्षात ठेवा, सूर्य मावळून गेल्यावर घरी पोचलात तर मग दिवा लावायचा नाही. शब्बाथसाठी लावायला जाऊन शब्बाथमध्येच आग पेटवली असं होतं ते. त्या दिवशी हातपाय धुवा, स्वच्छ कपडे घाला आणि सरळ किद्दुशला, म्हणजे द्राक्षरसाच्या प्याल्यावरच्या प्रार्थनेला, उभे राहा.

गुरुवारी रात्री आणि शुक्रवारी

शब्बाथ नीट पार पडतो की नाही हे गुरुवारी रात्रीच ठरतं. शब्बाथमध्ये स्वयंपाक नाही, म्हणजे शुक्रवारचं जेवण आणि शनिवारची दोन्ही जेवणं आधीच तयार पाहिजेत.

मांसाचं म्हणाल तर शोखेतने (धर्मनियमाने जनावर कापणाऱ्या माणसाने) हलाल, म्हणजे आपल्या नियमाने कापलेलं, मग भिजवून मीठ लावून रक्त काढलेलं मटण-कोंबडी मिळत असेल तर उत्तम, पण प्रत्येकाच्या घराजवळ काही ते मिळत नाही. मासा सगळ्यात सोपा, त्याला शोखेत लागत नाही. पापलेट, सुरमई, रावस, बांगडा चालतात. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, माकुल, मुशी यातलं काही नाही. मी अख्खा मासा घेऊन घरी कापते, कारण बाजारात ज्या कोयत्यावर आत्ताच कोळंबी साफ झालेली असते त्यावरच आपला मासा कापला जातो. कापता येत नसेल तर कोळीणबाईला आधी कोयता धुवायला सांगा, त्यांना कारण सांगितलं की त्या कधी नाही म्हणत नाहीत, आणि एकदा ओळख झाली की त्याच आठवण ठेवतात.

हिरव्या मसाल्याचं नारळाच्या रसातलं कालवण करा, कोथिंबीर मिरची आलं लसूण आणि थोडी चिंच, भात, एखादी कोरडी भाजी. आपल्या जेवणात दही-दुधाच्या जागी सगळीकडे नारळ का असतो हे लहानपणी मला कोणी सांगितलं नव्हतं, नंतर उमजलं की मांसाबरोबर दूध चालत नाही म्हणून आपल्या आज्यांनी कोकणात जे दारात होतं त्यावर सगळं बसवलं. शनिवारी कोंबडी किंवा मटण असेल तर नंतरचा चहा कोरा घ्या.

गरम ठेवायचं कसं हा प्रश्न येतोच. गॅसची बारीक आच रात्रभर पेटती ठेवून वर पत्रा ठेवतात काही घरी, मला स्वतःला बंद फ्लॅटमध्ये ते धोक्याचं वाटतं. त्यापेक्षा शुक्रवारी आधीच चालू केलेली विजेची हॉटप्लेट बरी, किंवा चांगला कॅसरोल आणि दोन थर्मास, एकात गरम पाणी एकात चहाचा अर्क. शनिवारी दुपारी जेवण गार असलं तरी चालतं हो, बांगड्याचं कालवण दुसऱ्या दिवशी जास्तच लागतं.

किद्दुशसाठी कोशर (आपल्या नियमाने केलेली) वाईन मिळाली तर ठीकच, पण आपल्याकडे पिढ्यानपिढ्या मनुकांचं शरबत करतात आणि मी तेच करते. वाटीभर काळ्या मनुका धुऊन दोन वाट्या पाण्यात गुरुवारी रात्री भिजत टाका, शुक्रवारी हाताने नीट कुस्करा आणि स्वच्छ फडक्यातून गाळा. काही घरी उकळतात पण, त्याने रंग गडद येतो. साखर घालायची गरज नाही.

आणि दोन चपात्या. दोन अख्ख्या, तुकडा मोडलेल्या नकोत, तेलावरच्या करा, तुपाच्या नको म्हणजे मांसाबरोबरही चालतात. वाळवंटात इस्राएल लोकांना शुक्रवारी दुप्पट मान्ना (आकाशातून येणारं अन्न) मिळायचा त्याची ही आठवण, म्हणून दोन. इंटरनेटवर वेणीसारखा पाव दिसतो तो करायला येत असेल तर जरूर करा पण तो नसेल तर शब्बाथ होत नाही असं काही नाही.

दिवा लावायच्या आधी घरभर एक फेरी मारा. कुठले दिवे पंचवीस तास चालू राहणार आणि कुठले बंद, ते ठरवा. बाथरूमचा चालू ठेवा. फ्रिजमधला बल्ब काढून ठेवा नाहीतर दार उघडलं की तो लागतो. गिझर बंद. पंखे लावलेले राहू देत. फोन बंद करून कपाटात, नुसता सायलेंटवर टेबलावर ठेवला तर हात जातोच. आईवडील गावाला किंवा इस्राएलला असतील तर त्यांना आधी फोन करून शब्बाथ शालोम म्हणून घ्या, म्हणजे रात्री काळजी करत बसणार नाहीत.

शुक्रवारची संध्याकाळ

दोन दिवे, तेलाचे असोत वा मेणबत्त्या. आमच्या घरी काचेच्या ग्लासात पाणी आणि वर खोबरेल तेल, त्यात वात. काही घरी आधी प्रार्थना मग दिवा, काही घरी आधी दिवा आणि मग डोळ्यांवर हात धरून प्रार्थना, तुमच्या आजीची पद्धत माहीत असेल तर तीच ठेवा. ते वाक्य लेहदलिक नेर शेल शब्बाथ असं संपतं, शब्बाथचा दिवा लावायची आज्ञा देणाऱ्या देवाची स्तुती. हिब्रू येत नसेल तर देवनागरीत एका कागदावर लिहून घ्या आणि बघून म्हणा. 1846 सालीच आपल्या लोकांनी मुंबईत पेसाह सणाची हग्गादा, म्हणजे त्या रात्री वाचायचं पुस्तक, मराठी भाषांतरासकट छापली होती, तेव्हा मराठीतून समजून घेणं ही काही कमी दर्जाची पद्धत नाही.

नंतर मुलं असतील तर त्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा, मुलग्यांना एफ्राईम आणि मनश्शेसारखे व्हा म्हणून, मुलींना सारा, रिबका, राहेल आणि लेआसारख्या व्हा म्हणून. हे सोडू नका. आठवडाभर मुलांना आपण अभ्यास कर, मोबाईल ठेव, लवकर झोप एवढंच सांगत असतो, आणि आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी काहीही न मागता डोक्यावर हात ठेवतं हे त्यांच्या लक्षात राहतं. मोठी झालेली, दाढीमिशा आलेली मुलंसुद्धा त्यासाठी मान खाली करतात.

मग उभं राहून किद्दुश. प्याल्यात मनुकांचं शरबत काठोकाठ. उत्पत्तीच्या पुस्तकातला सहाव्या आणि सातव्या दिवसाचा भाग म्हणायचा, मग बोरे पेरी हागेफेन, म्हणजे द्राक्षवेलीचं फळ निर्माण करणाऱ्याची स्तुती, मग शब्बाथच्या पवित्रतेची प्रार्थना. घरातल्या प्रत्येकाने त्यातला घोट घ्यायचा. मग भांड्याने दोन्ही हातांवर पाणी घालून हात धुवायचे, न बोलता येऊन बसायचं, फडक्याखाली झाकलेल्या दोन चपात्या उचलून हामोत्सी, म्हणजे भाकरीची प्रार्थना, म्हणायची, मीठ लावून तुकडा सगळ्यांना वाटायचा. झालं. एवढं करायला दहा मिनिटं लागतात, पण पहिल्या पहिल्यांदा पुस्तक चाळत अर्धा तास जाईल, जाऊ दे.

काय करायचं नाही, आणि का

कामाचे 39 प्रकार सांगितलेत, पेरणं, दळणं, शिजवणं, लिहिणं, पेटवणं, विझवणं, ओझं बाहेर वाहून नेणं वगैरे. त्यावरून वीज, गाडी, मोबाईल, पैसे हे सगळं येतं. पूर्ण यादी एकदम पाळायला गेलात तर तिसऱ्या आठवड्यात सोडून द्याल, मी कितीतरी जणांचं असं झालेलं बघितलंय. मी सांगते कसं करा. पहिले काही आठवडे फक्त शुक्रवार रात्र धरा, दिवा, किद्दुश, जेवण, आणि झोपेपर्यंत फोन नाही. ते अंगवळणी पडलं की शनिवार दुपारपर्यंत वाढवा. खरेदी आणि पैशाचे व्यवहार लवकर सोडा, ते सोपं आहे. गाडी आणि लिफ्टचं सगळ्यात कठीण, ते शेवटी येईल. जेवढं पाळाल तेवढं मनापासून पाळा आणि जे पाळत नाही त्याला नियम नाहीच असं म्हणू नका.

जिवाचा प्रश्न आला की मात्र सगळे नियम बाजूला. छातीत दुखतंय, बाळाला ताप चढलाय, कोणी पडलंय, तर फोन लावा, गाडी काढा, दिवे लावा. त्याने शब्बाथ मोडला असं होत नाही, तसं करणं हाच धर्म आहे आणि त्या वेळी विचार करत बसणं चूक आहे. डॉक्टर, नर्स असणाऱ्यांनी मनात अपराधी वाटून घेऊ नये.

आता का. तोरात दोन कारणं दिलीत. एका ठिकाणी म्हटलंय देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी थांबला म्हणून. दुसऱ्या ठिकाणी म्हटलंय की तू मिसरात (इजिप्तमध्ये) गुलाम होतास ते आठव म्हणून. मला हे दुसरं कारण जास्त भिडतं. गुलामाला सुट्टी नसते, त्याचा दिवस त्याचा नसतो. शुक्रवारी संध्याकाळी मी लॅपटॉप बंद करते तेव्हा मी कुणाची गुलाम नाही असं म्हणत असते, ऑफिसची नाही आणि त्या फोनचीही नाही. माझा विश्वास काय आहे असं कोणी विचारलं तर मला देवाबद्दल मोठं काही सांगता येत नाही, पण हे सांगता येतं की जग माझ्यावाचून पंचवीस तास चालतं आणि ते चालवणारा दुसरा कोणी आहे, हे मी दर आठवड्याला करून बघते.

आणि त्याच आज्ञेत पुढे म्हटलंय की तूच नाही, तुझा मुलगा, मुलगी, नोकर, मोलकरीण, तुझी जनावरं आणि तुझ्या दारात राहणारा परका, कुणीच काम करायचं नाही. यावर आपल्यात फार कमी बोललं जातं म्हणून मी मुद्दाम बोलते. बऱ्याच घरी काय होतं, आपण शनिवारी शांत बसतो आणि कामाच्या मावशी येऊन भांडी घासतात, फरशी पुसतात, वर आपण बटण दाबू शकत नाही म्हणून त्यांना दाबायला लावतो. एक तर आपल्यासाठी अमुक कर असं दुसऱ्याला थेट सांगणं नियमातच बसत नाही. आणि ते बाजूला ठेवलं तरी मिसरातली गुलामी आठवायची ती अशी? मावशींना शनिवारची पगारी सुट्टी द्या. भांडी शुक्रवारी रात्री पाणी घालून ठेवा आणि शनिवारी रात्री स्वतः घासा. पैसे कापायचे नाहीत, दुसऱ्या दिवशी दुप्पट काम काढायचं नाही. आमच्याकडे येणाऱ्या ताईंनी पहिल्यांदा विचारलं की माझं काम आवडलं नाही का, म्हणून सुट्टी देताय? मग त्यांना सगळं सांगितलं, मोशे, मिसर, समुद्र, सगळं. आता त्या शनिवारी मुलीकडे जातात आणि सोमवारी आल्यावर विचारतात की ताई, तुमचा देवाचा वार नीट झाला ना.

ऑफिस, शेजारी, लग्नं

ऑफिसात आधीच सांगा, नोकरी लागतानाच, लपवू नका. शुक्रवारी संध्याकाळ ते शनिवारी रात्र मी धर्माच्या कारणाने उपलब्ध नसते, रविवारी काम करायला तयार आहे, असं दोन ओळीत लिहून द्या. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिलाय, तेव्हा हा कुठला धर्म असं विचारणाऱ्याला सांगायला ते पण आहे. बहुतेक वरिष्ठ समजून घेतात, अट एकच की रविवारचं काम तुम्ही खरंच करायला पाहिजे आणि शब्बाथचं नाव सांगून मॉलमध्ये दिसायला नको. परीक्षा शनिवारी आली तर मात्र प्रत्येक कुटुंब आपापलं ठरवतं, त्यात मी कुणाला उपदेश करणार नाही.

मित्राचं लग्न शनिवारी दुपारी असेल तर आधी भेटून या, हळदीला जा, नाहीतर रात्री शब्बाथ संपल्यावर घरी जाऊन आहेर द्या. लोकांना वाईट वाटतं ते आपण न सांगता गैरहजर राहिलो की.

शेजारी गणपतीचा प्रसाद आणून देतात. मी हात जोडून सांगते की आम्ही खात नाही पण तुमच्या घरी दर्शनाला आलेल्या पाहुण्यांना सरबत द्यायला मी येते, आणि खरंच जाते. आणि आमच्याकडे मलिदा असतो तेव्हा, पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर खजूर आणि फळं, एलियाहू हनाबी (एलिया संदेष्टा) याचं नाव घेऊन केलेला, तो मी सगळ्या मजल्यावर देते. कोणी कोळंबीचं ताट आग्रहाने पुढे केलं तर ॲलर्जी आहे वगैरे खोटं सांगू नका. आमच्यात चालत नाही एवढं पुरतं, आणि भात-भाजी घेऊन त्यांच्याबरोबर बसा, ताट नाकारलं तरी माणसाला नाकारू नका.

तुम्ही पारशी का, ख्रिश्चन का, असं विचारतात त्याला रागवायचं काही नाही. आडनाव दिवेकर, पेणकर, रोहेकर, घरात मराठी, आणि नाव सॅम्युअल किंवा रिबेका, लोकांना कोडं पडणारच. ज्यू, बेने इस्राएल, मूळ कोकणातले, आडनावं गावांवरूनच पडली, असं सांगितलं की बहुतेक वेळा पुढचा प्रश्न येतो की तुमचं गाव कुठलं, आणि मग रेवदंडा-अलिबागच्या गप्पा सुरू. इस्राएलमधल्या राजकारणाचा जाब कोणी तुम्हाला विचारला तर तुम्ही कुठल्या सरकारचे प्रवक्ते नाही, तुमचं काय मत असेल ते सांगा किंवा आज नको म्हणा. आमच्या शुक्रवारच्या टेबलावर बातम्यांचा विषय काढत नाही, तिकडे जवळची माणसं आहेत, पोटात गोळा येतो, आणि तो विषय रविवारी बोलता येतो.

एक गोष्ट मात्र हसून सोडून देऊ नका. आपल्याकडे चांगल्या घरातली माणसं सहज म्हणून जातात की इथे हिटलर पाहिजे, मग शिस्त येईल. ते ज्यूंच्या विरुद्ध म्हणत नसतात, त्यांना माहीतच नसतं. तिथेच शांतपणे सांगायचं की त्याच्या राजवटीत साधारण 60 लाख ज्यू मारले गेले, त्यात तान्ही मुलं होती, आणि मी ज्यू आहे. आवाज चढवायची गरज नाही. मी सांगितलंय आणि समोरचा माणूस गप्प झालाय आणि नंतर येऊन बोललाय, प्रत्येक वेळी नाही पण बऱ्याच वेळा.

शनिवारी सिनेगॉगमध्ये

शक्य असेल तर जा, आणि का जा ते सांगते. सार्वजनिक प्रार्थनेसाठी, सेफेर तोरा (तोराची हस्तलिखित गुंडाळी) काढून वाचण्यासाठी दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला मिनियान म्हणतात. आपल्यातले बहुतेक लोक इस्राएलला गेले, इथे काही हजारच उरलो, आणि कितीतरी शनिवारी नऊ जण घड्याळाकडे बघत बसलेले असतात. तुम्हाला वाचता येत नसेल, सूर माहीत नसेल, तरी तुम्ही दहावे असू शकता आणि तुमच्या येण्याने तोरा बाहेर निघते. बायका मोजल्या जात नाहीत पण मी जाते, माझ्यामुळे नवरा आणि मुलगा येतात हेही एक आहे, आणि मला ती जागा हवी असते हे दुसरं.

डोकं झाका, पुरुषांनी टोपी, बायकांनी ओढणी किंवा पदर. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला (तोरातल्या ओळी ठेवलेल्या डबीला) हात लावून बोटं ओठांना लावा. बसायची जागा वेगवेगळी असते. तोंड पश्चिमेकडे, कारण इथून येरुशलेम त्या दिशेला. प्रार्थना संपली की एकमेकांच्या हातात हात देऊन मग आपलीच बोटं ओठांना लावतात, वडीलधाऱ्यांकडे स्वतःहून जा, ते तुमचा हात बराच वेळ सोडणार नाहीत आणि तुम्ही कुणाची कोण हे विचारतील. पहिल्यांदा जाणार असाल किंवा ज्यू नसलेला मित्र बघायला येणार असेल तर शुक्रवारच्या आधी फोन करून ठेवा. 2008 साली नरिमन हाउस या कुलाब्याच्या ज्यू केंद्रावर हल्ला झाला त्यानंतर दारात पोलीस असतात, ओळखपत्र बघतात, त्यात अपमान काही नाही. फोटो शब्बाथला काढायचे नाहीत, पाहुण्यांनीसुद्धा नाही.

शब्बाथ सोडताना

शनिवारी तीन तारे, आणि मुंबईच्या आकाशात तारे दिसत नसले तर सूर्यास्तानंतर पाऊण तास धरा. मग हवदाला, म्हणजे शब्बाथ सोडायची प्रार्थना. शरबताचा प्याला, सुगंधासाठी लवंग-वेलची किंवा सब्जाची ताजी पानं, आणि एकापेक्षा जास्त वातींची ज्योत, त्यासाठी खास मेणबत्ती नसेल तर दोन साध्या मेणबत्त्यांच्या ज्योती एकत्र धरा. क्रम असा, द्राक्षरस, सुगंध, ज्योत आणि शेवटी पवित्र दिवस आणि साधे दिवस वेगळे करणाऱ्याची स्तुती. ज्योतीपुढे हात धरून नखांवर उजेड बघायचा. मग थोडं शरबत पिऊन उरलेल्यात मेणबत्ती विझवायची. आणि एलियाहू हनाबी गायचं, हे गाणं न येणारं बेने इस्राएल मूल मी तरी बघितलेलं नाही, मलिद्याला गातो तेच. सूर चुकला तरी मोठ्याने गा.

शेवटी एक प्रश्न, जो मला सगळ्यात जास्त विचारला जातो. नवरा किंवा बायको ज्यू नसेल तर? मुलं कोणत्या धर्माची, धर्मांतर, लग्न मान्य होतं की नाही, हे प्रश्न रब्बीला विचारा, ते मी सोडवू शकत नाही. पण शुक्रवारचं टेबल हे भांडणाचं कारण होऊ देऊ नका. जोडीदाराला आधी नीट सांगा की या वेळात मी फोन घेणार नाही, गॅस पेटवणार नाही, आणि तू पेटवलास तर मी तोंड वाकडं करणार नाही. त्याला किंवा तिला दिव्याजवळ उभं राहायचं असेल तर राहू दे, नसेल तर जेवायला तरी एकत्र बसा. सासूबाईंना शुक्रवारी बोलवा, नारळाच्या रसातलं कालवण कुणालाही आवडतं. आणि स्वयंपाकघरात एक पातेलं, एक तवा आणि दोन ताटं तुमची वेगळी ठेवा, त्यांना निशाणी म्हणून रंगीत दोरा बांधा, म्हणजे दर वेळी विचारावं लागत नाही.